खडकवासल्याला दारे बसविणारे विश्वेश्वरय्या

भगिनींनो, सकाळी नळाला पाणी आले की आपण हंडे-कळशा भरून मोकळ्या होतो. त्या पाण्यापायी ज्यांनी डोके चालविले, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची हकीगत मी माझ्या साध्या भाषेत सांगते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा यंत्रांतले बारकावे जाणकारांनीच सांगावेत.

ते म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचे. वडील लहानपणीच वारले. मामांचा आधार आणि लोकांच्या मुलांच्या शिकवण्या, यांवर त्यांनी बंगळूरला १८८१ साली बी. ए. केले. मग संस्थानाने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याला आले.

पुण्यात सरकारने १८५४ सालीच रस्ते, पूल, पाट यांच्या कामांवर हाताखालची माणसे हवीत म्हणून एक वर्ग काढला होता. युरोपातली झुरिचची नामांकित तंत्रशाळा उघडली १८५५ साली, म्हणजे आपल्यानंतर! मला याचा उगीचच अभिमान वाटतो. तिथे मात्र आरंभापासून मोठी विद्या शिकवायची होती, इथे साहेबाला मदतनीस हवे होते. त्या वर्गाचे पुढे संगमाजवळ कॉलेज झाले. विश्वेश्वरय्या आले तेव्हा त्याला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. २०२२ साली त्याचे विद्यापीठ झाले. १८८३ साली विश्वेश्वरय्या एल. सी. ई. परीक्षेत इलाख्यात पहिले आले. मदतनीस घडवायला काढलेल्या वर्गाने साहेबाच्या तोडीचा इंजिनिअर घडविला!

लगेच मुंबई सरकारची नोकरी लागली. पहिली नेमणूक नाशकाला. खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांनी तरुणपणीच केले. सिंधमध्ये सक्करला पाणीपुरवठा केला. पुण्यात असताना रानडे, गोखले यांच्याशी परिचय झाला.

आता खडकवासल्याचे. धरण १८७९ सालचे. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच कमी पडे. सांडव्याची भिंत कायमची उंच करावी, तर मोठ्या पुरात धरणालाच धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी लोखंडी दारे बसविली. पाणी ठरल्या पातळीपर्यंत ती अडवून धरीत, त्यावर चढले की आपोआप उघडत, उतरले की पुन्हा मिटत. दूध वर येताच झाकण आपणहून सरावे आणि खाली बसताच पुन्हा बसावे, तसे! हे १९०३ सालचे. सुमारे ८ फूट पाणी जास्त साठू लागले, तेही धरण न वाढविता. आपल्यातल्या किती जणींना पातेल्याशी उभे राहूनही हे साधते?

अशीच दारे पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावरही बसली. मुंबई सरकारची नोकरी सोडल्यावर त्यांना हैदराबादला मुसा नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर बोलाविले गेले. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. कृष्णराजसागर धरण त्यांच्याच देखरेखीत सुरू झाले आणि १९१७ साली त्यांनी बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज काढविले. पुण्याला येऊन जे मिळाले, ते आपल्या मुलांना घराजवळ मिळावे, असे त्यांना वाटले असेल, असे मी समजते. १९५५ साली भारतरत्न मिळाले. १५ सप्टेंबर, त्यांचा जन्मदिवस, अभियंता दिन म्हणून पाळतात. पण मला ती खडकवासल्याची दारेच मोठी वाटतात.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. आमच्या सासूबाई तेव्हा लहान होत्या. पूर ओसरल्यावर नळ कोरडे आणि विहिरीवर रांगा, हे त्या अजून सांगतात. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला हयात होते. शंभरी गाठून १४ एप्रिल १९६२ रोजी ते वारले. धरण पुढे पुन्हा बांधले गेले.