मुंबईच्या जडणघडणीतले नाना शंकरशेट

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून मुंबई पाहण्यास निघालेला प्रवासी रेल्वेने बोरघाट उतरतो आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पाऊल ठेवतो. तेथून फोर्टमधील टाऊन हॉल, भायखळ्याची राणीची बाग, तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय असा त्याचा क्रम ठरलेला असतो. या साऱ्या ठिकाणांना जोडणारा एक समान दुवा आहे, तो म्हणजे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे, सधन दैवज्ञ कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव मुरकुटे. परंतु व्यापारात नावलौकिक मिळविणाऱ्या वडिलांचे शंकरशेट हे नावच पुढे कुटुंबाची ओळख बनले. १८२२ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि एकोणिसाव्या वर्षी पेढीचा भार नानांवर आला. सचोटीमुळे त्यांची पत इतकी वाढली की, अरबस्तान व अफगाणिस्तानचे व्यापारीही आपला पैसा त्यांच्याकडे निर्धास्तपणे ठेवीत असत.

एवढी संपत्ती असलेल्या माणसाला सरकारची मर्जी राखून सुखाने जगता आले असते. नानांनी मात्र शहराच्या कारभारात एतद्देशीयांना वाटा मिळावा, हा आग्रह आयुष्यभर धरला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळाचे ते सदस्य होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचा पुरस्कार केला, तेव्हा नानांनी त्यांना ठाम विरोध केला. सामान्य रयतेपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते तिच्याच भाषेतून दिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. स्त्रीशिक्षणाला समाजाचा कडवा विरोध असतानाच्या त्या काळात त्यांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली.

रेल्वेची कथाही अशीच आहे. दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून बंदरात येत असे आणि पावसाळ्यात ही वाहतूक खोळंबून राही. लोहमार्ग झाल्याशिवाय मुंबईची भरभराट नाही, हे ओळखून नाना व सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८४५ च्या सुमारास त्यासाठी प्रयत्न आरंभिले. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांसह ३४ किलोमीटरवरील ठाण्याला पोहोचली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला, तरी घाटाचा टप्पा प्रवाशांना पालखीतून वा बैलगाडीतून पार करावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटातील काम पूर्ण झाले आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. पुढे याच लोहमार्गालगत पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी वसली.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही पश्चिम भारतातील पहिली राजकीय संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत नाना अग्रभागी होते. कंपनी सरकारच्या कारभारातील दोष दाखविणारा अर्ज संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. १८५७ च्या उठावाच्या काळात नानांवरही संशयाचे सावट आले. परंतु त्यांच्याविरुद्ध काहीच सिद्ध झाले नाही. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. सरकारच्या चुका उघडपणे दाखविणारा माणूस सरकारलाच आपल्या सभागृहात बसवावा लागला, हे त्यांच्या पतीचे मोठे प्रमाण म्हणावे लागेल.

नाटकांसाठी ग्रँट रोडवरील रंगभूमी असो वा हिंदूंच्या अंत्यसंस्कारासाठी सोनापूरची जागा, शहराच्या अशा अनेक गरजांसाठी नाना झटले. ग्रँट रोडच्या याच नाट्यगृहात विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये मराठी नाटकाचे प्रयोग केले. राणीच्या बागेतील संग्रहालयासाठी नानांनी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासमवेत निधी उभारण्यात पुढाकार घेतला. त्याची पायाभरणी १८६२ मध्ये झाली. पण १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले तेव्हा नाना हयात नव्हते. ३१ जुलै १८६५ रोजी, कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून मुंबईची बाजारपेठ हादरली असताना, त्यांचे निधन झाले. आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणारी ही वास्तू त्यांच्या अखेरच्या उपक्रमांपैकी एक होय.

टाऊन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावचा रस्ता, नाना चौक आणि मुंबई सेंट्रलजवळील भुयारी मेट्रो स्थानक त्यांचे नाव सांगतात. मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. तरीही नाना चौकातून रोज जाणाऱ्या कित्येकांना हे नाना कोण, हे ठाऊक नसते. मुंबईची भव्यता केवळ गोऱ्या गव्हर्नरांची देणगी नव्हे. ती मागून, भांडून आणि प्रसंगी पदरमोड करून मिळविणारे नागरिकही या मातीत होते, याची जाण ठेवून जो मुंबई पाहील, त्याला हे शहर अधिक आपले वाटेल.