सोळावा राउंड

‘द हरिकेन’ अजून पाहिला नसेल, तर या वीकेंडला जरूर पाहा. १९९९चा सिनेमा, दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन. डेन्झेल वॉशिंग्टनला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करची गाडी मात्र नॉमिनेशनपर्यंतच आली. फक्त पाहताना एक लक्षात असू द्या, पडद्यावरचा रुबिन कार्टर बराच इस्त्री केलेला आहे. खरा कार्टर एवढा सरळ नव्हता.

६ मे १९३७चा त्याचा जन्म. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, पॅटरसन शहरात तो वाढला. लहानपणी बोलताना अडखळायचा आणि कुणी हसलं की थेट ठोसा. शाळेच्या वयातच एका माणसावर चाकूने वार केल्याबद्दल त्याची सुधारगृहात रवानगी झाली. तो माणूस वाईट इराद्याने आला होता, असं कार्टर शेवटपर्यंत सांगत राहिला. १९५४मध्ये तिथून पळाला, सैन्यात भरती झाला, पोस्टिंग मिळालं पश्चिम जर्मनीत आणि तिथे हातात ग्लोव्ह्ज आले. परत आल्यावर मात्र रस्त्यावरच्या लुटालुटीसाठी पुन्हा जेल. १९६१ साली बाहेर पडला आणि लगेच प्रोफेशनल बॉक्सर झाला.

गोटा केलेलं डोकं, दाढी-मिशी आणि भयंकर डावा हुक. डिसेंबर १९६३मध्ये त्याने एमिल ग्रिफिथसारख्या वर्ल्ड चॅम्पियनला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. वर्षभराने मिडलवेट विजेतेपदासाठी जोई जिआर्डेलोशी लढला आणि गुणांवर हरला. सिनेमात हा निकाल गोऱ्या पंचांनी केलेली उघड चोरी म्हणून दाखवलाय. प्रत्यक्षात जिआर्डेलो जिंकला, असंच रिंगजवळ बसलेल्या बहुतेक पत्रकारांचं मत होतं. म्हाताऱ्या जिआर्डेलोने निर्मात्यांना कोर्टात खेचलं, मग तडजोड झाली. अन्यायाची गोष्ट सांगताना दुसऱ्यावर अन्याय! असो.

१७ जून १९६६. पहाटेचे अडीच. पॅटरसनच्या लाफायेट बारमध्ये दोन कृष्णवर्णीय माणसं शिरली आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. दोघे जागीच गेले, एक बाई महिनाभराने गेली, एक गिऱ्हाईक वाचलं. पोलिसांनी पांढऱ्या गाडीतून जाणाऱ्या कार्टरला आणि जॉन आर्टिस नावाच्या तरुणाला अडवून थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. जखमी माणसाने त्यांना ओळखलं नाही, म्हणून सोडूनही दिलं. चार महिन्यांनी दोघांना अटक झाली ती दोन भुरट्या चोरांच्या साक्षीवर. हे चोर त्या रात्री जवळच्याच एका कारखान्यात हात मारायला आले होते. १९६७मध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरीने दोघांना दोषी ठरवलं. जन्मठेप.

जेलमध्ये कार्टरने कैद्याचे कपडे घालायला नकार दिला. तिथलं काम नाही, तिथलं जेवण नाही, डब्यातलं अन्न कोठडीतच गरम करून खायचं आणि वाचत बसायचं. तिथल्याच एका ऑपरेशननंतर एका डोळ्याची दृष्टी गेली. तिथेच त्याने ‘द सिक्स्टीन्थ राउंड’ हे आत्मचरित्र लिहिलं. तेव्हा विजेतेपदाची लढत पंधरा राउंडची असायची, ही सोळावी.

आता जर्नालिझमवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या. १९७४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सेल्विन राब या रिपोर्टरने त्याच दोन चोरांना गाठलं आणि आपण खोटी साक्ष दिली, हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. बॉब डिलनचं आठ मिनिटांहून मोठं गाणं आणि मोहम्मद अलीचा पाठिंबा सगळ्यांना आठवतो, पण केसची गाठ सुटायला लागली ती बातमीमुळे. साक्षीदारांना दिलेली आश्वासनं सरकारी पक्षाने लपवली होती, म्हणून मार्च १९७६मध्ये शिक्षा रद्द झाली. कार्टर जामिनावर बाहेर आला. डिसेंबरमध्ये मात्र त्यातला एक चोर पुन्हा उलटला आणि दोघे पुन्हा दोषी! यानंतर सेलिब्रिटी मंडळी हळूहळू पांगली.

आर्टिसचं नाव सिनेमा पाहून कुणाच्या लक्षात राहत नाही, याचा मला राग येतो. कार्टरविरुद्ध बोललास तर सुटशील, अशी ऑफर त्याला होती. तो बोलला नाही. १९८१पर्यंत जेलमध्ये राहिला.

दरम्यान, टोरंटोमध्ये काही कॅनेडियन लोकांकडे शिकायला राहिलेल्या लेझ्रा मार्टिन या ब्रुकलिनच्या मुलाने जुन्या पुस्तकांच्या सेलमधून अवघ्या २५ सेंटना ते आत्मचरित्र उचललं आणि १९८०मध्ये कार्टरला पत्र लिहिलं. मग तो सगळा ग्रुपच वकिलांच्या मदतीला लागला. ७ नोव्हेंबर १९८५ला न्यायाधीश ली सॅरोकिन यांनी शिक्षा रद्द केली. कारण दोन : सरकारी पक्षाने वर्णद्वेषाला हात घातला आणि पुरावे दडवले. जवळपास १९ वर्षं त्यात गेली होती. १९८८मध्ये आरोपही मागे घेतले गेले.

इथे नीट वाचा. कार्टरने खून केले नाहीत, असं कोर्टाने म्हटलं नाही. खटला न्याय्य नव्हता, एवढंच म्हटलं. त्याच्याकडे संशयाने बघणारे लोक आजही आहेत आणि त्याचं जुनं रेकॉर्ड ते दर वेळी पुढे करतात. सिनेमाने ते रेकॉर्ड पुसट केलं, तिथेच माझ्या मते तो घाबरला. लूटमार केलेल्या माणसालाही खरे साक्षीदार आणि उघडे पुरावे मिळायलाच हवेत ना?

सुटल्यावर कार्टर टोरंटोत राहिला. चुकीने दोषी ठरवलेल्यांसाठी लढणाऱ्या संस्थेचा तो १९९३पासून बारा वर्षं प्रमुख होता. शेवटी कॅन्सरने गाठलं, तेव्हा सेवा करायला शेजारी आर्टिस होता. फेब्रुवारी २०१४मध्ये मृत्युशय्येवरून त्याने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लेख लिहिला, स्वतःबद्दल नाही, तर डेव्हिड मॅक्कॅलम या १९८५पासून जेलमध्ये असलेल्या माणसाची केस पुन्हा तपासा म्हणून.

२० एप्रिलला कार्टर गेला. मॅक्कॅलम सुटला ऑक्टोबरमध्ये.