छातीतली दबलेली शीर आणि विल्यम हंटर

लंडनमधील डॉक्टरांच्या एका संस्थेच्या नियतकालिकात १७५७ साली एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते शरीररचनाशास्त्राचे शिक्षक विल्यम हंटर. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला फुगा आला आणि त्याच्या दाबाने शेजारची मोठी शीर अडली, अशा रुग्णाची हकीकत त्यांनी नोंदवली. आज ‘सुपिरियर व्हेना केव्हा सिंड्रोम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराची ही पहिली नोंद मानली जाते.

हंटर यांचा जन्म २३ मे १७१८ रोजी स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडजवळ झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, ही घरच्यांची इच्छा. त्यासाठी ते ग्लासगो विद्यापीठात शिकलेही, पण डॉ. विल्यम कलन यांच्या सहवासात वैद्यकाकडे वळले. १७४० मध्ये ते लंडनला आले आणि १७४६ पासून स्वतःचे वर्ग घेऊ लागले. त्या काळी बहुतेक विद्यार्थी शवविच्छेदन लांबून पाहत. हंटर यांनी मात्र पॅरिसच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला स्वतःच्या हाताने विच्छेदन करायला लावले. बाहेर दिसणाऱ्या लक्षणाचे मूळ शरीरात नेमके कुठे आहे, हे शोधण्याची सवय त्यातून लागली.

डोके, मान, हात आणि छातीचा वरचा भाग यांतील अशुद्ध रक्त ऊर्ध्व महाशिरेतून हृदयात परतते. ही शीर छातीच्या मधल्या हाडामागे उजवीकडे असते. तिची भिंत पातळ आणि आतला दाब कमी, त्यामुळे शेजारी गाठ वाढली की ती सहज दबते. मग चेहरा, मान व हात सुजतात, मानेच्या आणि छातीवरच्या शिरा फुगून दिसतात, धाप लागते, खोकला येतो. वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर त्रास वाढतो. रक्त आडवाटेच्या लहान शिरांतून मार्ग काढते. त्यामुळे अडथळा हळूहळू वाढला, तर लक्षणे सौम्य राहू शकतात.

हंटर यांच्या काळात आणि पुढेही दीर्घकाळ उपदंशामुळे होणारा महाधमनीचा फुगा व क्षयरोग ही मोठी कारणे होती. प्रतिजैविके आल्यावर चित्र बदलले. आता बहुतेक रुग्णांत मूळ कारण कर्करोग असते: मुख्यतः फुप्फुसाचा, त्याखालोखाल लसिकाग्रंथींचा. मोठ्या शिरेत बसवलेली नळी किंवा पेसमेकरची तार यांभोवती रक्ताची गुठळी होऊनही शीर बंद पडते.

सीटी स्कॅनमध्ये अडथळा नेमका दिसतो. गाठ असल्यास शक्यतो तिचा तुकडा तपासूनच उपचार ठरतात, कारण प्रत्येक आजाराचा उपचार वेगळा. लसिकाग्रंथींच्या किंवा लघुपेशी प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगात केमोथेरपीने लवकर आराम पडू शकतो. इतरांना रेडिएशन लागते. गुठळीवर रक्त पातळ करणारी औषधे, क्षयावर क्षयाची औषधे. शिरेत स्टेंट बसवल्यास सूज अनेकदा एक-दोन दिवसांतच उतरू लागते. तोवर रुग्णाला डोके उंच ठेवून निजवतात आणि गरजेनुसार ऑक्सिजन देतात.

हंटर पुढे राणी शार्लट यांचे वैद्य झाले. १७७४ मध्ये गर्भाशयाच्या रचनेवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला. शोधाच्या श्रेयावरून सख्ख्या भावाशी, प्रसिद्ध शल्यचिकित्सक जॉन हंटर यांच्याशी, त्यांचे बिनसले. अखेरपर्यंत शिकवत राहिलेले हंटर ३० मार्च १७८३ रोजी वारले. त्यांचा संग्रह ग्लासगोत १८०७ पासून लोकांसाठी खुला आहे.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना गाठणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. त्यामुळे चेहऱ्याची सूज घरगुती उपायांवर किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर काढली जाते. सूज मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉईडच्या विकारानेही येते, हे खरे. पण सुजेबरोबर मानेच्या शिरा फुगल्या असतील, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या, तर नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात छातीची तपासणी करून घ्यावी. श्वास घेताना आवाज येत असेल, गुंगी किंवा भोवळ येत असेल, तर थांबू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.