कोंड्याचा हिशेब

माझी नात पाच वर्षांची. पावसाळा लागला की तिचं नाक वाहायला लागतं ते थेट दिवाळीपर्यंत. गेल्या वर्षी तर छातीच भरली. डॉक्टरांनी औषधं दिली आणि ती जेवते काय, हेही विचारलं. पांढराशुभ्र भात आणि बिस्किटं, दुसरं काय सांगणार! तेव्हा मला आमच्या वर्ध्याचे कुमारप्पा आठवले.

जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे, तमिळ ख्रिस्ती घरातले. जन्म ४ जानेवारी १८९२ चा. लंडनला हिशेब तपासणीचं शिक्षण, अमेरिकेत अर्थशास्त्र, मग मुंबईत ऑडिटरचा व्यवसाय. १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजी भेटले आणि सूट-बूट जाऊन अंगावर खादी आली. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचा पै-पैचा हिशेब त्यांनीच ठेवला. त्याच वर्षी वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी बाग दिली, तिची मगनवाडी झाली आणि कुमारप्पा संघाचे सचिव झाले. लग्न केलं नाही. गावं हाच त्यांचा संसार.

त्यांनी हिशेबनिसाच्याच नजरेने तांदळाचा दाणा पाहिला. गिरणीत तांदूळ पॉलिश झाला की बायांची कांडणाची मजुरी जाते आणि कोंड्याबरोबर सत्त्वही जातं. म्हणून मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल आणि गूळ यांचा आग्रह.

त्या काळी बोलणं असायचं ते जीवनसत्त्वांचं. आज आपल्याला त्याच कोंड्यातलं जस्त आणि लोहही ठाऊक आहे. जस्त कमी पडलं की विषाणूंशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि मुलांना न्यूमोनिया लवकर गाठतो. सेलेनियम तर चिमूटभरही लागत नाही. पण ते कमी मिळालेल्या उंदरांच्या अंगात फ्लूचा विषाणू बदलून जास्त उग्र झाला, असं २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. शिशाचं मात्र उलट. ते थोडंही नको. शरीरात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं आणि प्रतिकारशक्तीही बिघडवतं. सुरमा आणि रंग चढवलेली भेसळीची हळद, दोन्हींत ते असू शकतं. तेव्हा बायांनो, फार पिवळीजर्द हळद दिसली की जरा जपून!

दुसरा हिशेब धुराचा. धूर नळीतून घराबाहेर नेणारी मगन चूल मगनवाडीचीच. आमच्या घरात ती कधी आली नाही. सासूबाईंचा जन्म फुंकणी फुंकण्यात गेला आणि खोकला शेवटपर्यंत सोबतीला राहिला. चुलीच्या धुरातल्या लेकरांना न्यूमोनिया जास्त होतो, हे आता सगळे डॉक्टर सांगतात. त्यांना ते कुणी वेळेत सांगितलं नाही, याची रुखरुख वाटते.

१९४२ नंतरच्या तुरुंगवासातही कुमारप्पा लिहीत राहिले. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते मदुराईला गेले.

मी आता हातसडीचा तांदूळ आणते. अर्थात कोंड्यातलं सगळं जस्त अंगी लागत नाही. कोंड्यातलाच एक घटक ते धरून ठेवतो. म्हणून जोडीला मोड आलेली मटकी आणि वर लिंबू पिळायचं. लिंबाने लोह अंगी लागतं. जस्ताच्या गोळ्या मात्र मनाने द्यायच्या नाहीत. जास्त झाल्या तर तांबं कमी पडतं.

नातीला यंदा सर्दी झालीच नाही, असं मी म्हणणार नाही. झाली. पण आता ती लालसर भात मागून घेते. सासूबाईंच्या बाबतीत चुकलेला हिशेब निदान तिच्या ताटात तरी जुळवावा, एवढंच मनात आहे.