कार्ल गुस्ताफ एमिल मानरहाइम
कार्ल गुस्ताफ एमिल मानरहाइम (४ जून, १८६७ - जानेवारी, १९५१) हे फिनलंडचे सरसेनापती व सहावे राष्ट्राध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धात ते रशियन झारच्या सैन्यात अधिकारी होते. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात त्यांच्या नेतृत्वाखाली फिनलंडने सोव्हिएत आक्रमणाचा प्रतिकार केला. तरीही तहानुसार कारेलियाचा मोठा भाग गमवावा लागला. तो परत मिळवण्यासाठी फिनलंड १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला. ऑगस्ट १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मानरहाइम यांनी सोव्हिएत संघाशी युद्धविराम केला. त्यातील अटीनुसार, कालपर्यंत सहकारी असलेल्या जर्मन फौजांनाच फिनिश सैन्याला लॅपलंडमधून हुसकावून लावावे लागले. कारेलिया गेला, परंतु देशाचे स्वातंत्र्य टिकले. मार्च १९४६ मध्ये त्यांनी पदत्याग केला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.