डॉ. वसंतराव खानोलकर

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत खर्रा घोटला जातो, आणि तंबाखू-सुपारी-चुन्याची ही गोळी गालात धरल्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे (सोडतो कोण, हा प्रश्न वेगळा). माणसाच्या सवयी आणि कर्करोग यांचे नाते भारतात पद्धतशीरपणे शोधणाऱ्या पहिल्या संशोधकांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे, एका गोमंतकीय कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी १९२३ साली मिळवून ते परतले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या. धोतराच्या घट्ट गाठीने कमरेच्या कातडीला होणारा कर्करोग त्यांनी १९४५ साली नोंदवला. परदेशी ग्रंथात न सापडणारा रोग आपल्या रुग्णाच्या कमरेवर पाहण्याची ही दृष्टी, माझ्या मते, त्यांचा सर्वांत मोठा गुण होय. १९५२ साली उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच शिष्या.

मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब उडवला आणि त्याची राख दूरवरच्या जपानी कोळ्यांच्या नावेवर पडली. जग हादरले. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी पंधरा राष्ट्रांची शास्त्रीय समिती नेमली. भारताच्या वतीने तीत खानोलकर बसले. बॉम्ब बनवणारेही त्याच मेजाभोवती होते! तरीही १९५८ च्या पहिल्या अहवालात, अल्प किरणोत्सर्गही पुढील पिढ्यांना अपायकारक ठरू शकतो, हे नमूद झाले.

अपाय होतो तो कसा? १९६० च्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांची ४६ गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोपी रीत हाती आली. किरणांनी तुटलेली दोन गुणसूत्रे भलत्याच टोकांनी जुळली की दोन मध्यबिंदूंचे एक विद्रूप गुणसूत्र तयार होते. अशी किती सापडतात यावरून माणसाला किती किरण लागले ते अजमावता येते. पण सगळे किरण सारखे नसतात. क्ष-किरण व गॅमा किरण पेशीतून विरळ घाव घालीत जातात, आणि मात्रा थोडी असेल तर बरेचसे तुटलेले पेशी स्वतःच सांधते. अल्फा कण कातडीही ओलांडत नाही, मात्र श्वासावाटे वा अन्नावाटे त्याचा उगम पोटात-छातीत गेला, तर तो आपली सारी शक्ती तसूभरही नसलेल्या अंतरात ओततो. रानभर विखुरलेले कुऱ्हाडीचे घाव आणि एकाच बुंध्यावर पडलेले तितकेच घाव, यांत जो फरक, तोच येथे. दाट घावांचे सांधकाम पेशीला नीट जमत नाही.

केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने तेथे निसर्गतःच किरणोत्सर्ग जास्त आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसे तेथे राहत आली आहेत. भारतीय संशोधकांनी पुढे तेथील नवजात बालकांच्या रक्तपेशी वर्षानुवर्षे तपासल्या; गुणसूत्रांच्या बिघाडात लक्षणीय वाढ दिसली नाही.

खानोलकरांना १९५५ साली पद्मभूषण मिळाले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६६ साली त्यांचे संशोधन केंद्र व टाटा रुग्णालय एकत्र आले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले.