प्राध्यापक बाबासाहेब, प्राचार्य बाबासाहेब
तळेगाव दाभाड्याच्या बंगल्यावर आपण अभिवादनाला जातो तेव्हा संविधान आठवतं, कॉलेज चालवणारे बाबासाहेब क्वचितच. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे काही सहकाऱ्यांना त्यांनी सामायिक माठातलं पाणी पिणंही खुपलं. 1935 मध्ये तेच शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज. नोकरदार पोरांसाठी तिथे सकाळचे वर्ग ठेवले. आमच्या मते त्यांचा हा निर्णय सर्वांत मोलाचा. (आमच्या मावळातल्या किती विहारांत साधी अभ्यासिका आहे?) 1950 मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याचंच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. परिसराला नाव दिलं नागसेनवन. दलित साहित्यिकांची एक पिढी तिथेच शिकली.